पाण्यावर दिसण्याची तयारी

१३ जानेवारी २०१८, शनिवार. पालघर जिल्ह्यासमोरच्या समुद्रात त्या दिवशी एकाच वेळी दोन शोध चालू होते. सकाळी दहाच्या सुमारास जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेल्या पवनहंसच्या हेलिकॉप्टरचा संपर्क थोड्याच वेळात तुटला. आत दोन वैमानिक आणि ओएनजीसीचे पाच अधिकारी होते. त्याच सकाळी डहाणूला विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट किनाऱ्यापासून जवळच उलटली. तटरक्षक दलाची जहाजे आणि विमाने दोन्हीकडे धावली. डहाणूची बोट माणसांच्या नजरेच्या टप्प्यात होती. आसपासचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन पोचले आणि बहुतेक मुले वाचली. पण मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती आणि तीन विद्यार्थिनी गेल्या. हेलिकॉप्टरमधले सातही जण गेले. कोसळण्याचा आघात वेगळा असतो, त्याची बोट उलटण्याशी तुलना होत नाही. तरी शोधणाऱ्यांसमोरचा प्रश्न दोन्हीकडे एकच होता: एवढ्या पाण्यात माणूस नेमका कुठे आहे?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा माणूस पाण्यात पडण्याच्या आधी, जमिनीवरच ठरलेले असते. त्याच्या अंगावर काय बांधले आहे, तो किती वाजता कुठल्या दिशेला गेला हे कुणाला ठाऊक आहे, आणि तो परतला नाही हे कुणाच्या किती लवकर लक्षात येते, या तीन गोष्टींवर शोधाचे यश टिकते. आजच्या व्याख्यानाचा विषय या तीन गोष्टी आणि त्यांच्यासाठी माणसाने बनवलेली साधने हा आहे.

जव्हारच्या व्याख्यानमालेत समुद्राचा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला तेव्हा त्यात आठ तालुके आले. वसई, पालघर, डहाणू आणि तलासरी समुद्राला लागलेले. वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा डोंगराकडचे. पण डोंगरातली वैतरणा अर्नाळ्यापाशी खाडीला मिळते आणि डोंगरातला माणूसही कामासाठी खालीच उतरतो. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की पाडे रिकामे होतात. उतरणाऱ्याला वीटभट्टी मिळते, इमारतीचे बांधकाम मिळते, कधी बोटही मिळते. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी तरुण तर गुजरातच्या बंदरांतल्या ट्रॉलरांवर वर्षानुवर्षे खलाशी म्हणून जात आले आहेत. नदीच्या डोहात पोहायला शिकलेल्या मुलाला समुद्राचे पाणी नवे असते, आणि तिथे हरवल्यावर काय करायचे हे त्याला कुणीही शिकवलेले नसते.

हरवण्याचा सर्वांत बारकाईने विचार केला आहे तो स्कूबा पाणबुड्यांनी. त्याला कारण आहे. पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली गेलेला माणूस बोटीच्या नजरेआड असतो. तासाभराने तो वर येतो तेव्हा प्रवाहाने त्याला कुठे नेले हे वरच्यांना माहीत नसते. इंजिन बंद पडले, लाटा वाढल्या, बोटवाल्याने दुसऱ्या बाजूला पाहिले, एवढ्याने तो हरवतो. बोट बुडालेली नसते, वादळ आलेले नसते, आकाश निळे असते, आणि तरीही माणूस दिसत नाही.

तो का दिसत नाही, याचे गणित सोपे आहे. पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या माणसाचे डोळे पृष्ठभागापासून फार तर वीतभर उंच असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज जेमतेम पावणेदोन किलोमीटरवर असते, आणि लाटेच्या खळग्यात गेल्यावर तेही नाही. बोटीवरून पाहणाऱ्याला त्याचे फक्त डोके दिसते, वाहून आलेल्या नारळाएवढे, तेही दर लाटेला दडणारे. त्यात भर पडते ती वेळेची. ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर, हा प्रवाह मध्यम समजला जातो. दिशा ठाऊक नसेल तर एका तासानंतर शोधायचे क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर होते. चार तासांनी तेच १७० चौरस किलोमीटरच्या पुढे जाते. वेळ चौपट झाली की पाणी सोळापट होते. पालघरच्या किनाऱ्यावर तर भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी पाच मीटरच्या आसपास चढते-उतरते आणि उत्तरेला खंबातच्या आखाताकडे ते आणखी वाढत जाते. होडी चालवणाऱ्या तांडेलांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाण्याची ओढ साधारण सहा तासांनी उलटते, म्हणून पडलेल्या माणसाला ओढ लागली ती दिशा आणि घड्याळातली वेळ लक्षात ठेवणे हे पहिले काम.

२५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर पोर्ट डग्लसहून एक बोट पर्यटकांना डायव्हिंगसाठी घेऊन गेली. परतताना मोजणी चुकली आणि एक अमेरिकन दांपत्य पाण्यातच राहिले. ती माणसे परत आलेली नाहीत हे दोन दिवसांनी, बोटीवर त्यांचे सामान सापडल्यावर लक्षात आले. काही महिन्यांनी त्यांची पाण्याखाली लिहिण्याची पाटी सापडली. तिच्यावर दुसऱ्या दिवशीची तारीख, सकाळची वेळ आणि मदतीची याचना होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघे जिवंत होती, वाट पाहत होती, आणि त्या वेळी किनाऱ्यावर त्यांना कुणीही शोधत नव्हते. या घटनेनंतर क्वीन्सलँडने बोटीवरची डोकी मोजण्याचे नियम कडक केले. सगळ्या उपकरणांच्या आधी यादी येते. यादीला बॅटरी लागत नाही.

याउलट एप्रिल २०२२ मध्ये मलेशियातल्या मर्सिंगजवळ चार पाणबुडे वर आले तेव्हा बोट जागेवर नव्हती. त्यांच्या हरवण्याची खबर त्याच दिवशी गेली आणि मोठा शोध सुरू झाला, तरी प्रवाहाने त्यांना शोधाच्या पुढे नेले. एक महिला दुसऱ्या दिवशी सापडली. आणखी दोघे जवळजवळ अडीच दिवसांनी, दूर दक्षिणेला मच्छीमारांना सापडले. चौथा, १४ वर्षांचा मुलगा, वाचला नाही. खबर वेळेवर जाऊनही माणूस दिसला नाही तर काय होते, याचे हे उदाहरण. जगभरच्या अशा कहाण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: शेवटी माणूस सापडतो तो पुष्कळदा मच्छीमाराला. कारण समुद्रावर सर्वांत जास्त डोळे त्याचेच असतात.

म्हणून साधनांची पहिली रांग ही डोळ्यांसाठी आहे. पाणबुड्याच्या खिशात गुंडाळलेली नारिंगी नळी असते. वर येताना किंवा वर आल्यावर ती हवेने फुगवली की दीड-दोन मीटरचा खांब पाण्यावर उभा राहतो. तिला रीळ आणि दोरी बांधून ती पाण्याखालूनच वर सोडता येते, म्हणजे माणूस वर येण्याआधीच बोटवाल्याला त्याचा ठिकाणा कळतो. पालघरच्या किनाऱ्यावरच्या सातपाटीचा मच्छीमार जाळ्याच्या टोकाला झेंड्याची काठी लावलेला बोया सोडतो तो याच कारणासाठी. जाळे दिसावे म्हणून जी काळजी घेतली जाते तीच इथे माणसासाठी घेतली आहे. समुद्रात जाणाऱ्याला एकच वस्तू परवडत असेल तर ती ही नळी असावी.

दुसरी वस्तू आरसा. मधोमध भोक असलेला, डोळ्याजवळ धरायचा छोटा आरसा, त्यातून नेम धरून सूर्याची तिरीप बोटीवर किंवा विमानावर पाडायची. स्वच्छ उन्हात ती दहा सागरी मैलांवरूनही दिसू शकते. बोटांचा इंग्रजी व्हीसारखा आकार करून त्यात लक्ष्य धरायचे आणि तिरीप बोटांवरून सरकवत न्यायची, हे तंत्र पाच मिनिटांत येते, पण ते किनाऱ्यावर शिकायचे. पावसाळी ढगात आरसा निकामी. तेव्हा शिटी. शिटी मणी नसलेली घ्यावी, मणी ओला होऊन अडकतो. मात्र वारा आणि इंजिनाचा आवाज यांच्यापुढे शिटी काही शे मीटरच्या पलीकडे पोचत नाही, म्हणून पाणबुडे सिलिंडरच्या हवेवर वाजणारा भोंगाही जॅकेटच्या नळीला जोडतात. रात्रीसाठी लुकलुकणारा दिवा. विमानासाठी फ्लुओरेसिन नावाचा रंग, जो पाण्यात सोडला की हिरवापिवळा डाग पसरतो. बोटीवरून तो फारसा कळत नाही, वरून कळतो. लाटा असतील तर लवकर विरतो, म्हणून विमान ऐकू आल्याशिवाय तो सोडायचा नाही.

बोटीवर याच्या जोडीला लाल मशाली आणि रॉकेट असतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हातातली मशाल किमान एक मिनिट जळली पाहिजे. पॅराशूटचे रॉकेट ३०० मीटर उंच जाऊन ४० सेकंद तरी जळत राहिले पाहिजे. एक मिनिट आणि ४० सेकंद. समोर बोट दिसत नसताना घाबरून मशाल पेटवणारा माणूस आपली संधी जाळून टाकतो. जहाजांवरच्या लाइफ जॅकेटला नियमाने शिटी, आठ तास जळणारा दिवा आणि प्रकाश परतवणारी पट्टी असावी लागते. पट्टीला काहीच खर्च नाही, बॅटरी नाही, आणि सर्चलाइट पडला की ती लखकन उजळते. पर्यटकांच्या होड्यांवरची फिकट, पट्टी उसवलेली, कधीकधी बसायची उशी म्हणून वापरलेली जॅकेटे पाहिली की जीव कळवळतो.

महाराष्ट्रात स्कूबा म्हणजे मालवण आणि तारकर्ली. तिथे पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. बहुतेक पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून थोड्या पाण्यात उतरतात, त्यामुळे वाहून जाण्याचा धोका कमी. तिथला धोका वरच्या प्रवासात असतो: २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी बोट तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. पण विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात बुडालेले पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात ते. वीसेक मीटर खोलीवर प्रवाळ आणि आजूबाजूला कुठेही जमीन नाही. अशा जागी पाणबुडा प्रवाहात सुटला तर नळी आणि आरसा पुरेसे नाहीत. तिथे आकाशाशी बोलणारे यंत्र हवे.

ते यंत्र कसे चालते? रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून फारशा जात नाहीत. म्हणूनच बुडालेल्या विमानाच्या ब्लॅक बॉक्सला लावलेले यंत्र रेडिओ न वापरता आवाज करते, ३७.५ किलोहर्ट्झचा टकटकाट, जुन्या यंत्रांत साधारण ३० दिवस. जिवंत माणसासाठी मात्र यंत्र पाण्याच्या वर, अँटेना आकाशाकडे करून धरावे लागते. ते ४०६ मेगाहर्ट्झवर दर ५० सेकंदांनी संदेश फेकते आणि तो उपग्रह पकडतात. १९७९ मध्ये सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्धाच्या काळातही ही कोस्पास-सारसॅट योजना एकत्र येऊन केली. १९८२ च्या जूनमध्ये पहिला उपग्रह गेला आणि कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानातले तिघे १० सप्टेंबर १९८२ रोजी या योजनेने वाचवलेले पहिले लोक ठरले. भारतात या उपग्रहांचे संदेश बेंगळुरू आणि लखनौच्या केंद्रांवर उतरतात. इस्रोचे बेंगळुरूचे नियंत्रण केंद्र ते तटरक्षक दलाला कळवते. जुन्या पद्धतीत नुसत्या लहरींवरून ठिकाण काढले तर चार-पाच किलोमीटरची चूक राहायची. आता यंत्रातच जीपीएस असल्याने ती शंभर मीटरच्या आसपास येते.

मराठी घरांत २०१८ च्या सप्टेंबरमध्ये एक नाव रोज घेतले जात होते: नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर टॉमींनी ती न थांबता केली. पुढे गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियापासून सुमारे ३५०० किलोमीटरवर, वादळाने त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. त्यांना उठता येत नव्हते. पण ते कुठे आहेत हे जगाला माहीत होते. त्यांचे आणीबाणीचे यंत्र संदेश देत होते. भारतीय नौदलाचे पी-८आय विमान त्यांच्यावरून उडून आले आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. एवढ्या अफाट पाण्यात एक माणूस तीन दिवसांत सापडला, कारण शोधायचे नव्हते, फक्त पोचायचे होते.

पाणबुड्यांना मात्र एक वेगळी अडचण येते. अशी बहुतेक यंत्रे पाण्याच्या दाबाला टिकत नाहीत, ती वेगळ्या डब्यात घालून न्यावी लागतात. मेक्सिकोच्या समुद्रात डायव्हिंगची जहाजे चालवणारे कप्तान माइक लिव्हर यांनी यासाठी खास पाणबुड्यांचे यंत्र बनवले, १३० मीटर खोलीपर्यंत टिकणारे. त्याच्या नव्या आवृत्तीला संदेशासाठी उपग्रह लागत नाही. ते आजूबाजूच्या जहाजांना एआयएसवरून, म्हणजे जहाजे एकमेकांना आपला ठिकाणा कळवतात त्या रेडिओ यंत्रणेवरून, थेट संदेश देते आणि जहाजाच्या पडद्यावर पडलेल्या माणसाची खूण उमटते. अशा यंत्रांचा क्रमांक ९७२ ने सुरू होतो. पाण्याच्या पातळीवरून तो संदेश चार-पाच सागरी मैल पोचतो, आणि माणूस पडल्यावर आपलीच बोट बहुधा तेवढ्याच अंतरात असते. पालघरसाठी हेच सर्वांत उपयोगी ठरेल.

कारण पालघरकडे बोटींसाठीची यंत्रे आली आहेत. अहमदाबादच्या इस्रो केंद्राने बनवलेले डॅट हे यंत्र २०१० पासून मच्छीमार वापरतात. देशात वीस हजारांवर बोटींवर ते गेले. कळ दाबली की उपग्रहामार्गे संदेश जातो. पहिल्या डॅटची उणीव अशी की संदेश पोचला की नाही हे बोटीवर कळत नसे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये उलट उत्तर येते, आणि मोबाइलला जोडून ते मच्छीमाराच्या भाषेत वाचता येते. वादळात होकाराचे एक वाक्य माणसाला किती बळ देत असेल! त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्येच, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. योजना चांगली आहे. वाढवणला बंदर झाल्यावर या पाण्यात मोठी जहाजे वाढतील, तेव्हा छोट्या बोटी त्यांना दिसल्याच पाहिजेत.

पण ही सगळी यंत्रे बोटीला लावलेली आहेत. रात्री जाळे ओढताना पाय घसरून पडणारा खलाशी बोटीच्या बाहेर जातो आणि त्याच क्षणी त्या यंत्रांच्याही बाहेर जातो. तौक्ते वादळात १७ मे २०२१ रोजी ‘पी-३०५’ हे बार्ज मुंबईसमोर बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. आयएनएस कोची, कोलकाता आणि इतर जहाजांनी डोंगराएवढ्या लाटांत १८६ जणांना वाचवले. बार्ज कुठे बुडते आहे हे सर्वांना माहीत होते. पाण्यात विखुरलेल्या प्रत्येक माणसाचा ठिकाणा मात्र कुणाला माहीत नव्हता. त्यानंतर कित्येक दिवस मृतदेह रायगडच्या आणि गुजरातमध्ये वलसाडच्या किनाऱ्याला लागत राहिले. डीएनए तपासून ते घरच्यांना द्यावे लागले. त्या रात्री प्रत्येकाच्या अंगावर जहाजाच्या पडद्यावर उमटणारे यंत्र असते तर आणखी माणसे वाचली असती, असे म्हणायला जागा आहे.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी उठली की बोटी पुन्हा निघतात. त्याआधीच्या दोन महिन्यांत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहे. प्रत्येक खलाशाला शिटी, दिवा आणि पट्टी असलेले जॅकेट, आणि ते घालून जाळे ओढता येईल एवढे सुटसुटीत. बोटीवर चढणाऱ्याचे नाव, गाव, पाडा आणि मोबाइल क्रमांक लिहिलेली यादी, जिची एक प्रत किनाऱ्यावर राहते. हंगामी खलाशाचे नाव पुष्कळदा कुठल्याच कागदावर नसते, आणि ज्याचे नाव नाही त्याच्या हरवण्याची खबर उशिरा जाते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि व्हीएचएफचे १६ नंबरचे चॅनेल त्याला पाठ हवे. शक्य असेल तिथे मालकांनी, सहकारी संस्थांनी आणि सरकारने मिळून अंगावरची यंत्रे द्यावीत. बोटीच्या ट्रान्सपाँडरला अनुदान मिळते तर माणसाच्या यंत्राला का मिळू नये, हा प्रश्न सातपाटीत विचारला पाहिजे तसा जव्हारमध्येही.

यंत्र घेतल्यावर एक काम उरते, आणि ते इथल्या लोकांनी लक्ष देऊन करायचे आहे. ४०६ मेगाहर्ट्झच्या प्रत्येक यंत्रात देशाचा आणि त्या यंत्राचा संकेतांक असतो, भारताचा ४१९. यंत्राची नोंदणी बेंगळुरूच्या केंद्राकडे करावी लागते, आणि त्या अर्जात आणीबाणीत कुणाला फोन करायचा हे लिहायचे असते. संदेश आला की पहिला फोन त्या क्रमांकावर जातो: माणूस खरोखर समुद्रात आहे का, कुठल्या बोटीवर, कधी निघाला, हे विचारायला. यंत्र चुकून सुरू झाले असेल तर तेही याच फोनवर कळते. मोखाड्याच्या पाड्यांवर आजही मोबाइलसाठी टेकाडावर चढावे लागते आणि पावसात दिवसदिवस रेंज नसते. घरच्या क्रमांकाच्या जोडीला दुसरा क्रमांक द्यावा, जव्हार किंवा खोडाळ्याच्या बाजारात राहणाऱ्या, फोन नेहमी लागणाऱ्या माणसाचा, आणि पोरगा कुठल्या बंदरावर कुठल्या बोटीवर आहे हे दर हंगामात त्याला सांगून ठेवावे.